ते गाणं लागलं की जागा सोडायची नाही

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या शोला आलेल्या माणसाला एक खूण माहीत असायलाच हवी. बँड मंचावर येण्याआधी स्पीकरवरून बराच वेळ इतरांची गाणी वाजत असतात. कुणी पाण्याच्या रांगेत असतं, कुणी टी-शर्टच्या स्टॉलवर मोठं माप आहे का विचारत असतं, कुणी मातीत फतकल मारून बसलेलं असतं. मग त्याच स्पीकरवर यूएफओ या जुन्या इंग्लिश बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ लागतं आणि मैदानातल्या जाणत्या लोकांची पाठ एकदम ताठ होते. नाटकाला जशी तिसरी घंटा, तसं मेडनला हे गाणं. चारेक मिनिटांचं आहे. ते संपता संपता दिवे जातात. त्या वेळी पाण्याच्या रांगेत असाल तर रांग सोडा, तहान सोसा, जागेवर या. सुरुवातीचा तो क्षण पुन्हा मिळत नाही, आणि मेडनच्या शोमध्ये सुरुवात म्हणजे अर्धा शो.

१९७५ साली पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस या बासवादकाने हा बँड काढला आणि आजही तोच चालवतो. भारतात तो पहिल्यांदा आला १७ मार्च २००७ला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. त्या दिवशी दिल्लीचा परिक्रमा हा बँड त्यांच्या आधी वाजवून गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या डाउनलोड महोत्सवातही वाजवून आला. मग १ फेब्रुवारी २००८ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि २००९च्या फेब्रुवारीत पुन्हा बंगळूरला. मुंबईचा शो त्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच शो होता. एका बोइंग ७५७ विमानाच्या मागच्या भागातली आसनं काढून तिथे सामानाची जागा केली होती. बँड, कर्मचारी आणि वाद्यं असं सगळं एकत्र घेऊन ते विमान मुंबईत उतरलं, आणि ते उडवणाऱ्या वैमानिकांपैकी एक होता खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. ही नुसती हौस नव्हती. सामान जहाजाने पाठवायचं तर आठवडे जातात, मग आशिया आणि दक्षिण अमेरिका एका दौऱ्यात बसतच नाही. विमान हाताशी असल्यामुळे ४५ दिवसांत पाच खंडांवर २३ शो करता आले. दौऱ्याच्या नकाशावर मुंबई आली ती या हिशेबामुळे. चाहत्याने हे लक्षात ठेवावं, कारण आपल्या गावात आपला बँड येणं यामागे प्रेमाइतकंच वाहतुकीचं गणित असतं.

जिवापाड चाहत्याची एक अडचण असते. त्याला रेकॉर्ड पाठ असते. कुठल्या सेकंदाला गिटार आत येतं, कुठल्या ओळीला गायक श्वास घेतो, सगळं. अशा माणसाच्या कानात प्रत्येक गाण्याची एक पक्की प्रत बसलेली असते आणि शोमध्ये तो नकळत ती ताडून पाहत राहतो. मेडनची गाणी मंचावर रेकॉर्डपेक्षा बहुतेकदा थोडी जलद वाजतात. पहिल्या गाण्यात ड्रमचा वेग अंगावर येतो आणि चाहत्याला वाटतं, घाई चाललीय. घाई नसते. हजारो लोकांसमोर चढलेल्या रक्ताची ती लय असते. ताडून पाहणं दहा मिनिटांत सोडता आलं पाहिजे. रेकॉर्ड घरी आहेच. मैदानात ऐकायचं ते रेकॉर्डमध्ये मावलं नाही ते, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं.

जागेचा प्रश्न म्हणूनच पहिला. मनाचं म्हणाल तर ते थेट पुढच्या बॅरिकेडकडे धावतं. तिथून हॅरिसची बोटं दिसतात. तो पिकशिवाय, म्हणजे तार छेडायच्या चकतीशिवाय, बोटांनीच वाजवतो, एक पाय पुढच्या मॉनिटर स्पीकरवर टेकवून, बास बंदुकीसारखा लोकांवर रोखून. गिटारवादक डेव्ह मरे सोलो वाजवताना हसतो ते दिसतं. दुसरा गिटारवादक यानिक गर्स गिटार पट्ट्यासकट स्वतःभोवती गरगरा फिरवतो ते हाताच्या अंतरावरून पाहायला मिळतं. यासाठी काय द्यावं लागतं तेही ऐका. दारं साधारणपणे शोच्या तीन-चार तास आधी उघडतात आणि मधली पुढची रांग पहिल्या काही मिनिटांत भरते. एकदा बॅरिकेड धरलं की पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, बसणं नाही. मागची गर्दी रेटते तेव्हा लोखंडी काठ थेट बरगडीत येतो. हे सगळं सोसून तिथे सगळ्यात चांगला आवाज ऐकू येतो का? नाही. मंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरच्या लांब माळा मागच्या लोकांकडे रोखलेल्या असतात. त्यांचा आवाज पुढच्या चार-पाच रांगांच्या डोक्यावरून जातो. तिथे पोचतो तो मंचाच्या काठावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरचा, मंचावरच्या ॲम्पचा आणि उघड्या ड्रमचा मिळून झालेला आवाज. तुमच्या समोर ज्याचा ॲम्प त्याचं गिटार मोठं, बाकीची दोन बुजलेली, आणि गायकाचा आवाज पातळ. तीन गिटारांच्या बँडला हे फार भोवतं. जुना गिटारवादक ॲड्रियन स्मिथ १९९९ साली परत आला तेव्हा गर्सला काढलं नाही, तेव्हापासून मेडनमध्ये तीन गिटार आहेत. त्यातली दोन एकाच चालीला तीन स्वरांच्या अंतराने धरून चालतात, आणि ती जोडी हीच या बँडची ओळख. पुढच्या रांगेत त्या जोडीतला एकच भिडू ऐकू आला तर काय मिळालं?

चांगला आवाज ऐकायचा तर मैदानाच्या मध्यभागी, मंचापासून तीस-चाळीस मीटरवर, कुंपण घातलेला एक मांडव शोधा. तिथे ध्वनी अभियंता मिक्सरवर बसलेला असतो. तो जे ऐकून सुधारतो तेच तुम्हाला ऐकायचं असेल तर त्याच्या शेजारी उभं राहा. मांडवाच्या मागे नको, तिथून मंच झाकला जातो. पुढच्या कुंपणाला पाठ लावून किंवा दोन पावलं बाजूला. याचा आणखी एक फायदा आहे, तो बुटक्या आणि थकलेल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा. पाठीमागे कुंपण असल्यामुळे मागून कुणी ढकलत नाही. मोठ्या शोमध्ये मैदानाच्या मध्यावर दुसरं बॅरिकेड टाकलेलं असतं. त्याच्या मागची पहिली रांग ही माझ्या मते सगळ्या मैदानातली सगळ्यात शहाणी जागा. समोर मोकळी पट्टी असते, टेकायला काठ असतो, आणि आवाज जवळजवळ पूर्ण मिळतो.

मधल्या रेषेत उभं राहिलं की छातीत वेगळाच दणका बसतो. त्याचंही कारण आहे. सबवूफर म्हणजे खर्जाचे स्पीकर मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूंना असतील तर दोन्हींचा खर्ज मध्यरेषेवर एकाच वेळी पोचतो आणि एकमेकांत भर घालतो. चार-पाच मीटर बाजूला सरकलं की एक लाट आधी, एक नंतर येते, काही स्वर एकमेकांना खोडतात आणि बास विरळ होतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या मधोमध उभं राहिल्यावर पोटात जे होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की इथे त्या दणक्यातून हॅरिसचा स्वरही ओळखता आला पाहिजे. तो फ्लॅटवाउंड म्हणजे सपाट वेढ्यांच्या तारा लावतो आणि त्या फळीवर आपटतील इतक्या जोरात छेडतो. खर्जाच्या वर जी टकटक ऐकू येते ती त्या तारांचीच. एक लांब ठोका, दोन लहान. धावत्या घोड्याच्या टापा. ती टकटक स्पष्ट ऐकू येत असेल तर तुमची जागा बरोबर आहे. नुसतं घुमतंय आणि टापा मोजता येत नाहीत, तर दोन-तीन पावलं बाजूला सरका, पुन्हा ऐका.

पहिल्या दोन गाण्यांत आवाज चिखलासारखा वाटला तर निराश होऊ नका. दुपारची ध्वनिचाचणी रिकाम्या मैदानात झालेली असते. माणसं भरली की त्यांची शरीरं आणि कपडे वरच्या पट्टीचे स्वर शोषून घेतात. सूर्य मावळल्यावर हवेचं तापमान बदलतं, वारा बदलतो. अभियंता हे सगळं चालू गाण्यातच दुरुस्त करतो आणि त्याला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. वारा आडवा असेल तर झांजांचा झळाळ मध्येच विरतो, मध्येच परत येतो. दूर उभ्या असलेल्यांना तो कमीच मिळतो, कारण वरचे स्वर हवेतच लवकर जिरतात. आधी वाजवणाऱ्या बँडचा इथे उपयोग करून घ्यावा, आणि आदरानेही ऐकावं. त्यांना सहसा पूर्ण आवाज आणि पूर्ण दिवे मिळत नाहीत, पण तुमची जागा तपासायला ती अर्ध्या तासाची संधी सोन्यासारखी असते.

आता गर्दीच्या गाण्याबद्दल, ज्यासाठी एवढं सगळं करायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे दर ३५ मीटरला दशांश सेकंद उशीर. शंभर मीटरवर उभा असलेला माणूस मंचावरचा ठोका ०.२९ सेकंद उशिरा ऐकतो. लांबच्या लोकांसाठी मैदानात मनोऱ्यांवर वेगळे स्पीकर असतात आणि त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर दिलेला असतो, म्हणजे मंचाकडून येणारा आवाज आणि मनोऱ्याचा आवाज एकत्र पोचावा. तो हिशेब चुकला तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. कधी असं ऐकू आलं तर दोष तुमच्या कानाचा नाही, मनोऱ्यापासून दूर सरका. ‘द ट्रूपर’सारखं गाणं मिनिटाला १६०च्या आसपास ठोक्यांनी जातं, म्हणजे दोन ठोक्यांत अंतर ०.३७ सेकंदांचं. मागची माणसं टाळ्या वाजवतात त्या त्यांच्या दृष्टीने अगदी वेळेवर असतात, पण मंचावर पोचेपर्यंत त्यांना जाण्यायेण्याचा दुप्पट उशीर झालेला असतो. म्हणून जलद गाण्यात मैदानभर टाळ्यांचा कचरा होतो आणि ड्रमर लोकांकडे कान देत नाही, देऊच शकत नाही.

आणि म्हणूनच ‘फिअर ऑफ द डार्क’ची सुरुवात एवढी भारून टाकणारी होते. १९९२च्या त्या गाण्यात आधी एक सावकाश चाल गिटारवर येते. तिला शब्द नाहीत. पण मैदान ती चाल ‘ओ ओ ओ’ करत गातं, आणि संथ लयीत तो उशीर दोष राहत नाही. पुढच्यांचा स्वर संपता संपता मागच्यांचा पोचतो आणि चाल मैदानावरून लाटेसारखी सरकत जाते. घरी हेडफोन लावून ही लाट ऐकू येत नाही, थेट ध्वनिमुद्रणातही नाही, कारण ती मायक्रोफोनसाठी नसतेच. ती मधोमध उभ्या असलेल्या माणसासाठी असते. तेव्हा गा, पण एक ओळ गाऊन झाली की पुढची ओळ गप्प राहून मागे कान द्या. लय अचानक दुप्पट होते तेव्हा सगळे एकाच वेळी उडी मारतात. आपल्याकडे तबल्याची तिहाई समेवर येते तेव्हा सभागृहातल्या सगळ्या माना एकत्र हलतात, तोच प्रकार, फक्त इथे मानेऐवजी अख्खं शरीर असतं.

सगळा वेळ एकाच तीव्रतेने ऐकता येत नाही, प्रयत्नही करू नये. ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे कोलरिजच्या कवितेवरचं गाणं साडेतेरा मिनिटांहून लांब आहे आणि मुंबईच्या २००८च्या शोमध्ये ते पूर्ण वाजलं. त्याच्या मध्यावर सगळं थांबतं. जहाजाच्या लाकडाची करकर, खालच्या आवाजातला बास, मंचावर धुकं. अनेकांना वाटतं की ही पाणी प्यायची वेळ. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हीच वेळ कान उघडे ठेवायची. एवढ्या मोठ्या गर्दीत हळू वाजवणं जलद वाजवण्यापेक्षा कठीण असतं, आणि शांततेतून ड्रम परत येतो तेव्हाचा धक्का आधीची शांतता ऐकली असेल तरच बसतो. पाणी प्यायचं असेल तर गायक दोन गाण्यांच्या मध्ये बोलत असताना प्या.

गाण्यांची यादी आधी पाहावी का, यावर चाहते तावातावाने भांडतात. मेडन एका दौऱ्यात साधारण तीच यादी रोज वाजवतो. प्रत्येक गाण्याला मागचं चित्र वेगळं, दिव्यांचा क्रम वेगळा, एडी हा बँडचं प्रतीक असलेला राक्षस कुठल्या गाण्यात चालत येणार हेही ठरलेलं, त्यामुळे ऐनवेळी गाणं बदलता येत नाही. बालगंधर्वांच्या काळातला वन्स मोअर इथे चालणार नाही. कितीही ओरडा, पदाची पुनरावृत्ती नाही. मी म्हणेन की यादी पाहू नका, पण दौरा कशासाठी आहे ते जरूर पाहा. २००६ साली त्यांनी नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवला होता. जुन्या गाण्यांसाठी आलेले तेव्हा ताटकळले, आणि नवी गाणी पाठ करून आलेल्यांना एक दुर्मीळ संध्याकाळ मिळाली. नव्या अल्बमचा दौरा असेल तर तो आधी निदान दहा वेळा ऐका. पहिल्यांदाच ऐकलेलं गाणं मैदानात नीट कळत नाही, तिथे आवाज तेवढा तपशील देत नाही. मेंदू ओळखीच्या चालीचे गाळलेले भाग स्वतः भरतो, अनोळखी चालीचे भरू शकत नाही.

कानांची काळजी घेण्याला काही लोक भित्रेपणा समजतात. मला त्याचं दुःख होतं, कारण आयुष्यभर हे संगीत ऐकायचं तर कान टिकायला हवेत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असं धरलं तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीची मर्यादा १०० डेसिबलच ठेवायला सांगितलं, आणि मेडनचा शो चालतो दोन तासांच्या आसपास. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कामाचे आहेत, पण ते वरचे स्वर जास्त कापतात, मग सगळं रजईखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठी बनवलेले सिलिकॉनचे इअरप्लग सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्या उतरवतात, साधारण १५ ते २० डेसिबल, त्यामुळे मिश्रण तेच राहतं, फक्त लांबून आल्यासारखं. फोमच घालायचे असतील तर बोळा दोन बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. बहुतेकांचे बोळे सैल बसतात ते ही शेवटची पायरी गाळल्यामुळे. आणि शो सुरू होण्याआधीच घाला. एकदा कान बधिर झाल्यावर घातलेले प्लग झालेलं नुकसान भरून काढत नाहीत. दुसऱ्या दिवसाच्या पुढेही कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

शरीराचं बाकी सांगायचं तर दुपारी नीट जेवा, रिकाम्या पोटी तीन तास उभं राहिलेली माणसं चौथ्या गाण्याला खाली बसतात. जुने, घट्ट बूट, नाडीला दोन गाठी. चश्मा असेल तर मागून पट्टा. अनेक मैदानांत पाण्याची बाटली, पॉवर बँक, काटेरी मनगटपट्टा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा तिकिटाबरोबर आलेली यादी घरीच वाचा. हेडबँगिंगच्या, म्हणजे तालावर जोरात डोकं हलवण्याच्या, बाबतीत एक खरंखुरं संशोधन आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली आलेल्या त्या लेखात हेडबँगिंगच्या गाण्यांचा सरासरी वेग मिनिटाला १४६ ठोके धरला होता, आणि त्या वेगाला मान ७५ अंशांपेक्षा जास्त हलली तर डोक्याला सौम्य इजेचा धोका सुरू होतो असं दाखवलं होतं. त्यातला उपाय अगदी वापरण्यासारखा आहे: दर दुसऱ्या ठोक्याला मान हलवा. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे सैल ठेवून, कंबरेतून. तरीही दुसऱ्या दिवशी मान आखडेल, पण गाडी मागे घेताना वळवता येईल.

गर्दीत एक गोष्ट कधीही विसरू नये. चौरस मीटरमध्ये चार-पाचपेक्षा जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, लाटा येतात आणि त्यांवर कुणाचाच ताबा राहत नाही. अशा वेळी हात छातीसमोर मुठीसारखे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका. लाट ओसरते त्या क्षणी तिरकं बाजूला सरका. कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबून त्याला उठवतात. हा मॉश पिटचा, म्हणजे गर्दीत एकमेकांवर आदळत नाचण्याच्या जागेचा, पहिला नियम आहे आणि मेटलचे चाहते तो मनापासून पाळतात, याचा मला अभिमान वाटतो. पुढचं बॅरिकेड साधं कुंपण नसतं. त्याच्या पायाशी एक आडवी पत्र्याची फळी असते आणि पुढच्या रांगेची माणसं तिच्यावरच उभी राहतात. त्यांचंच वजन बॅरिकेडला जागेवर धरून ठेवतं, म्हणजे जितकी गर्दी रेटते तितकं ते घट्ट बसतं. त्या जागी साधे बांबू किंवा पोलिसांची सुटी लोखंडी बॅरिकेड्स लावली तर काय होतं याचा धडा आपल्या देशात मिळालेला आहे. २८ ऑक्टोबर २०११ला गुरगावला मेटालिकाचा शो व्हायचा होता. पुढचं कुंपण टिकलं नाही, शो रद्द झाला, चिडलेल्या लोकांनी मंचाची नासधूस केली. दोनच दिवसांनी बंगळूरला तोच बँड सुखरूप वाजवून गेला. मैदानात शिरताना एकदा बॅरिकेडच्या पायाशी नजर टाका. फळी नसेल तर पुढे जाऊ नका, बँड कितीही आवडता असो.

वेळेचा हिशेबही आपल्याकडे वेगळा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार ही मर्यादा बारापर्यंत वाढवू शकतं, पण ते सहसा सणांना जातात. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या आसपासचा शंभर मीटरचा भाग सरकारला शांतता विभाग म्हणून जाहीर करता येतो. धोबी तलावच्या रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम याच कारणाने थांबले. तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा आणि मुंबईच्या किती पिढ्यांना पहिलं गिटार तिथेच ऐकू आलं. उघड्या आकाशाखालचं ते सभागृह गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, जरी पलीकडच्या वॉर्डातल्या रुग्णाचा हक्क मान्य असला तरी. चाहत्यासाठी याचा अर्थ असा की दहाला वीज जाणारच. वाहतुकीमुळे किंवा तपासणीमुळे दारं उशिरा उघडली तर तो उशीर शेवटच्या गाण्यांतून वजा होतो. लंडनसारखं अकराला संपेल असं धरून आठला पोचलात तर पहिली तीन गाणी गेट क्रमांक शोधण्यात जातील.

फोनबद्दल थोडक्यात. एवढ्या आवाजात फोनचा मायक्रोफोन अनेकदा गुदमरतो, घरी ऐकलं तर नुसती घरघर येते. छायाचित्रकारांनासुद्धा बहुतेक शोमध्ये पहिल्या तीन गाण्यांपुरतंच मंचासमोर येऊ देतात. तोच नियम स्वतःला लावा. पहिल्या तीन गाण्यांत काय घ्यायचं ते घ्या आणि खिशात घाला. २०२५ला सुरू झालेल्या पन्नाशीच्या दौऱ्याआधी मेडनच्या व्यवस्थापकाने लोकांना फोन खाली ठेवण्याची जाहीर विनंती केली होती, आणि ती मला पूर्ण पटते. मागच्या माणसाला एडीऐवजी तुमचा पडदा दिसतो.

एडी येतो तो बहुतेकदा शेवटाकडे, बँडच्याच नावाच्या गाण्यात, मंचाच्या मागून उगवणारा अवाढव्य आकार होऊन. त्यानंतर दिवे जातात, लोक ओरडतात, बँड परत येतो, अजून दोन-तीन गाणी होतात. शेवटचा स्वर घुमत असतानाच ड्रमच्या काठ्या, मनगटपट्टे, पिक पुढच्या रांगेत भिरकावले जातात. खाली पडलेलं पिक शोधताना वाकू नका, बुटाने झाकून ठेवा आणि गर्दी पातळ झाली की उचला.

मग पुन्हा स्पीकरवर दुसऱ्यांचं गाणं लागतं, माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीचं ‘ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ’. हे लागलं की मेडन आज परत येणार नाही, कितीही हाका मारा. पण लगेच दाराकडे पळू नका. वीस मिनिटं थांबलात तर दाराशी चेंगराचेंगरी नसते, आणि दहाला संपलेल्या शोनंतर कुर्ल्याला किंवा वांद्र्याला लोकल मिळायला भरपूर वेळ असतो. काळ्या टी-शर्टातली माणसं त्या चालीवर शिट्टी वाजवत, धुळीतून पाय ओढत निघालेली असतात, कुणाचा तरी एक बूट हरवलेला असतो आणि चार अनोळखी लोक फोनच्या उजेडात तो शोधत असतात. इअरप्लग अजून काढू नका. मैदानाच्या बाहेर, रस्ता ओलांडून, हॉर्न मागे पडले की काढा. आधी रिक्षावाल्याचा ‘कुठे जायचंय?’ ऐकू येतो, अगदी स्वच्छ, आणि त्याच्या मागून, अजूनही, त्या टापा.